भोळेपणाचा निवाडा

क्रिकेटच्या मैदानावर फलंदाजापासून अवघ्या दोन-चार पावलांवर, चेंडूचा तडाखा कोणत्या क्षणी अंगावर येईल याचा भरवसा नाही अशा जागी जो क्षेत्ररक्षक उभा राहतो, त्याच्या स्थानाला इंग्रज ‘सिली पॉइंट’ म्हणतो. आणि त्यातील ‘सिली’ या विशेषणाचा ‘अविचारी, खुळचट’ हा अर्थ आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. परंतु इंग्रजी भाषेचे जुने दप्तर उघडून या शब्दाचा पूर्वेतिहास पाहू लागले, म्हणजे मन थबकते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘गेसेलिग’ या रूपात वावरणारा हा शब्द ‘सुखी, भाग्यवान, ईश्वराची कृपा लाभलेला’ असा अर्थ सांगत होता. त्याचा जर्मन सहोदर ‘झेलिग’ आजही तोच अर्थ सांगतो, इतकेच नव्हे तर आपण दिवंगतांना ‘कैलासवासी’ म्हणतो तसा तोही त्यांच्या नावाशी जोडला जातो.

धन्यतेच्या गादीवरून या शब्दाला मूर्खपणाच्या पायरीवर आणून बसविण्याचे काम कोणा एकाच्या हुकमाने झाले नाही. ज्याच्यावर ईश्वराची कृपा तो निष्पाप. जो निष्पाप तो निरुपद्रवी. निरुपद्रवी माणसाला जग सुखाने जगू देत नाही म्हणून तो बिचारा. बिचारा तो दुबळा. आणि दुबळेपण देहाकडून बुद्धीकडे सरकले की तो मूर्ख, अशी एकेक पायरी उतरत हा शब्द सुमारे सोळाव्या शतकात तळाशी येऊन पोहोचला. चौसरच्या ‘मिलर’च्या कथेत बायकोकडून फसविला जाणारा सुतार याच विशेषणासह येतो, तेव्हा त्यात कीव किती आणि अवहेलना किती हे वेगळे काढता येत नाही, मिल्टनने मात्र १६२९ साली ख्रिस्तजन्मावर रचलेल्या काव्यात मेंढपाळांच्या विचारांना हेच विशेषण लावले, त्यात साधेपणा होता, निंदा नव्हती. या साऱ्या उतरणीत मला क्लेश देते ती तिची मधली पायरी, कारण ती दयेची आहे: ज्याची आपण कीव करतो त्याला आपल्याहून खालचा मानण्याची सवय मनाला नकळत जडते.

कोशात शेजारी बसविलेली समानार्थी विशेषणे पाहिली तर ‘सिली’चे वेगळेपण अधिकच ठसते. ‘फूलिश’च्या मुळाशी लॅटिनमधला भाता आहे, म्हणजे आत वाऱ्याखेरीज काही नाही, ‘स्टुपिड’ म्हणजे आघाताने बधिर झालेला, दोन्ही शब्द जन्मापासून उणिवेचेच. ‘सिंपल’ मात्र मूळचा एकपदरी, ज्याच्या वस्त्राला आत दुसरी घडी नाही असा. आणि त्याच्याही वाट्याला ‘मंदबुद्धी’ हा अर्थ आलाच.

हा एकट्या इंग्रजीचा दोष म्हणावा, तर फ्रेंचमधील बावळट या अर्थाचा ‘बने’ हा शब्द ‘आशीर्वाद लाभलेला’ अशा लॅटिन शब्दापासून निघालेला आहे. आणि आपल्या घरात पाहावे, तर सम्राट अशोकाने शिलालेखांतून मिरविलेले ‘देवानांप्रिय’ हे बिरुद पुढे वैयाकरणांच्या हाती जाऊन भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त ‘मूर्ख’ याच अर्थाने नोंदले गेले. याच संस्कृतात एका शब्दाने उलट दिशेचा प्रवासही केला आहे. ‘मुग्ध’ हा मुळात मोह पावलेला, भांबावलेला, ‘मूढा’चा सख्खा भाऊ, पण काव्याच्या सहवासात तो निरागस झाला, सुंदर झाला. तेव्हा शब्दांची अधोगती अटळ असते असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

इथे प्रश्न कोशाचा न राहता धर्माचा होतो. चांगुलपणा आणि मूर्खपणा यांची शीव कोठे आहे? प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस हा वादपटू न्यायाला दुर्गुण म्हणायला धजत नाही, परंतु त्याला थोर मनाचा भोळेपणा ठरवून निकालात काढतो. त्याने योजलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘सुस्वभाव’ असा आहे, आणि तो शब्द तेव्हाच बावळटपणाचे सभ्य नाव होऊन बसला होता. तिसऱ्या भागात प्लेटो त्याच शब्दाची फिर्याद पुन्हा चालवितो, आणि ज्याच्या चित्ताची घडण खरोखर सुंदर आहे त्याचाच त्यावर हक्क आहे असे बजावतो. इ. स. पू. ४२७ मध्ये कॉर्सायरा बेटावर माजलेल्या यादवीविषयी लिहिताना ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीसनेही हाच शब्द वापरून, असा सरळपणा तिथे हास्यास्पद ठरला आणि नाहीसा झाला, अशी नोंद करून ठेवली आहे.

बायबलात या वादात एकच पक्षी दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. होशेय संदेष्टा इजिप्त आणि अश्शूर यांच्याकडे धाव घेणाऱ्या आपल्या लोकांना समज नसलेल्या कबुतराची उपमा देतो, आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘सिली’ हेच विशेषण आहे. येशू मात्र शिष्यांना लांडग्यांमध्ये धाडताना सर्पाचे चातुर्य आणि त्याच कबुतराचे निष्कपटत्व या दोहोंची एकदम अपेक्षा करतो. माझ्या मते निवाडा इथेच आहे. होशेयचे कबुतर निंद्य ठरते ते निष्कपट म्हणून नव्हे, तर कोणाच्या आश्रयाला जावे हे त्याला उमगत नाही म्हणून. कपटाचा अभाव आणि विवेकाचा अभाव या निरनिराळ्या गोष्टी असताना व्यवहारी जग त्या एकाच खात्यात जमा करते, कारण फसलेला मुळातच मूर्ख होता असे मानले की फसविणाऱ्याचा अपराध आपोआप हलका होतो. गीतेने आर्जवाला सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत बसविलेच, पण त्याआधी तेराव्यात त्याला ज्ञानाच्या लक्षणांत स्थान दिले. सरळपणा बुद्धीच्या आड येतो असे म्हणणाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

मराठीने या बाबतीत पुष्कळ न्यायबुद्धी राखली आहे. शंकराला आपण भोळा म्हणतो ते त्याची थोरवी म्हणूनच. ‘भाबडा’ म्हणताना आवाजात काळजी येते. आणि जिथे खरोखरच समज तोकडी तिथे ‘बावळट’ हा निराळा शब्द ठेवून भोळ्याचे वतन आपण शाबूत राखले आहे, जरी ‘भोळसट’ या शब्दाने त्या वतनाच्या हद्दीत पाऊल टाकलेले असले तरी. महानुभाव पंथाला पूज्य असलेल्या रिद्धपुरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडेही म्हणत आणि देवही मानीत, आणि म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा संकलित करताना यातले काहीही झाकले नाही.

रशियन भाषेने तर ‘ब्लाझेन्नी’ या एकाच विशेषणात ‘धन्य’ आणि ‘खुळा’ हे दोन्ही अर्थ आजतागायत नांदविले आहेत. मॉस्कोच्या लाल चौकात झार चौथ्या इव्हानने कझानच्या विजयाप्रीत्यर्थ १५५५ ते १५६१ या काळात भव्य प्रार्थनामंदिर उभारले आणि त्याला माता मरियेच्या कृपाछत्राचे नाव दिले. ख्रिस्तासाठी वेडेपण पत्करून उघड्या अंगाने रस्तोरस्ती हिंडणाऱ्या वासिली ब्लाझेन्नीची समाधी त्याच जागी होती. १५८८ साली तिच्यावर एक लहानसे देवघर बांधून ते मूळ मंदिराला जोडण्यात आले, आणि आज ती सबंध वास्तू झाराच्या नव्हे, त्या वासिलीच्याच नावाने ओळखली जाते.