पाण्याच्या उंचीवरून

प्राग शहरात व्हल्टावा नदीच्या उजव्या काठावर, चार्ल्स पुलाला अगदी खेटून, एक जुनी दगडी कमान आहे. छोट्या नावांचा धक्का तिच्याजवळच आहे. नाव लाकडी, बेताची. फेरी साधारण पाऊण तासाची. लोक बसल्या बसल्या मोबाइल काढतात. तुम्ही तो थोडा वेळ खिशातच राहू द्या. हात कठड्यावर ठेवा, पाय सैल सोडा आणि नाव सुटेपर्यंत डोक्यावरच्या कमानीकडे बघा.

ही कमान चार्ल्स पुलाची नव्हे. ती त्याच्या आधीच्या पुलाची आहे. बाराव्या शतकात इथं दगडी पूल बांधला गेला आणि राणी जुडिथच्या नावानं ओळखला जाऊ लागला. १३४२ सालच्या हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या घेऊन पूर आला आणि तो पूल गेला. काठाशी असलेला हा तुकडा वाचला. पुढं त्याच्यावर घाट चढला, इमारत चढली, आणि तो शहराच्या पोटात राहून गेला. वरच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पायाखाली हे आहे याचा पत्ताही नसतो. तुम्हाला दिसतं आहे, कारण तुम्ही खाली आला आहात. तेवढी एक गोष्ट मनाशी धरा आणि नाव सुटू द्या.

प्रागकडे सहसा उंचावरून बघितलं जातं. टेकडीवर किल्ला आहे, शहरभर मनोरे आहेत, लाल कौलांचा पसारा वरून सुंदर दिसतो. तशा बघण्यात सगळं शहर हाती आल्यासारखं वाटतं. इथं तसं काही होणार नाही. तुमची नजर आता पाण्यापासून दोन-तीन हातांवर आहे. ज्या उंचीवरून नदी शहराकडे बघते, जवळजवळ त्याच उंचीवरून तुम्ही बघता आहात.

काठाच्या भिंतीवर नजर ठेवा. पुलाजवळच तिच्यात दगडात कोरलेलं एक दाढीवाल्या माणसाचं डोकं बसवलेलं आहे. चेक लोक त्याला ब्राडाच म्हणतात. ते मूळचं त्या जुन्या पुलावरचं, असं मानलं जातं. प्रागकरांनी पुराचं माप म्हणून हा चेहरा वापरला. पाणी दाढीला लागलं की नदी काठ सोडणार. तोंडाशी आलं की जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरणार. टकलावरून गेलं की जुन्या शहराच्या चौकात होड्या चालणार. आकड्यांच्या पट्ट्या पुढं सगळीकडे आल्या, पण पाणी माणसाच्या कुठवर आलं हे माणसाच्याच तोंडावर वाचायची ही रीत मला फार खरी वाटते. या चेहऱ्याकडे जरा रेंगाळून बघा. मग पाण्याकडे बघा. दोघांत आज किती अंतर आहे, ते नजरेनं मोजा.

आता पुलाकडे वळू. चौथ्या चार्ल्सनं १३५७ साली याचा पाया घातला. सोळा कमानी, पाचशे सोळा मीटर लांबी, रुंदी जेमतेम दहा मीटर. काम पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत चाललं. हे कोणतंही पुस्तक सांगेल. नावेतून त्याच्या जवळ जाताना मात्र आकड्यांपेक्षा चिरे बघा. वालुकाश्माचे चिरे, बहुतेक काळवंडलेले. पण सगळे सारखे काळे नाहीत. मध्येच एखादा फिकट, पिवळसर. त्याच्या कडा अजून धारदार. शेजारचा झिजून गोलावलेला. कुठं एक, कुठं ओळीनं चार. जिथं रंग बदलतो, तिथं कधीतरी कुणीतरी काढून नवा बसवलेला आहे. या पुलाला सहाशे-सातशे वर्षांचा म्हणतात ते खरंच आहे. पण त्याचा प्रत्येक दगड तेवढा जुना नाही. एक कमान निवडा, नाव तिच्या खाली शिरेपर्यंत फक्त तिचेच चिरे बघत राहा. दुसरं काही करू नका.

कमानीखाली गारवा येतो. आवाज बदलतो. वरची गर्दी, वाजवणारे, चित्रं विकणारे, हे सगळं क्षणात बंद होतं आणि पाण्याचा दगडाला लागून परत येणारा आवाज तेवढा राहतो. सावली संपते, तुम्ही पलीकडे, पुलाच्या वरच्या अंगाला येता.

आता मागं वळून खांबांच्या पायथ्याशी बघा. जाड ओक लाकडाच्या ओंडक्यांच्या उतरत्या चौकटी पाण्यात उभ्या आहेत. वर वाळलेलं लाकूड करडं, पाण्याच्या रेषेशी काळं आणि बुळबुळीत. त्यांच्यावर पाणपक्षी बसतात. वाहत येणारा बर्फ खांबांवर आदळण्याआधी यांच्यावर चढावा, स्वतःच्या वजनानं मोडावा, म्हणून त्या आहेत. पूर्वी नदी इथं गोठायची. बर्फ कापून तळघरांत आणि दारूच्या गुत्त्यांत पोचवणारी माणसं होती, त्यावर त्यांची पोटं होती. विसाव्या शतकाच्या मध्यात नदीच्या वरच्या अंगाला स्लापी, ऑर्लिक अशी मोठी धरणं झाली. खोल जलाशयाच्या तळाचं पाणी हिवाळ्यातही थोडं उबदार असतं. ते सोडलं जातं, आणि म्हणून प्रागमध्ये व्हल्टावा आता क्वचितच गोठते. बर्फ येईनासा झाला, तरी चौकटी काढल्या नाहीत. लाकूड कुजलं की नवं घालतात. पुरात बर्फाशिवायही पुष्कळ काही वाहून येतं, हे शहराला ठाऊक आहे.

४ सप्टेंबर १८९०. वरून सुटलेले लाकडाचे ताफे आणि ओंडके कमानींत अडकले. पूल पुलासारखा राहिला नाही, त्याचं धरण झालं. मागं पाणी तुंबलं आणि तीन कमानी कोसळल्या. त्यांच्यावर उभे असलेले दोन मोठे शिल्पसमूह नदीत गेले. त्यांच्याकडे आपण थोड्या वेळानं येऊ.

इथं नाव जरा संथ होते, कारण पुढं बंधारा आहे. तिरकी आडवी पांढरी रेघ आणि तिचा एकसुरी घोष. डाव्या हाताला पाण्यात शिरलेल्या जागेवर जुन्या जलघराच्या इमारतीत संगीतकार बेद्रिख स्मेतानाचं संग्रहालय आहे. या नदीच्या नावाची त्याची रचना १८७४ च्या अखेरची. त्याच शरद ऋतूत त्याला ऐकू येणं पूर्ण बंद झालं होतं. दोन झऱ्यांपासून निघून रानातून, लग्नाच्या वऱ्हाडाजवळून, खळाळांवरून प्रागपर्यंत येणारी नदी त्यानं बाहेरून काहीही ऐकू येत नसताना लिहिली. बंधाऱ्याच्या आवाजाशी थोडा वेळ थांबा. डोळे मिटलेत तरी चालेल. आवाज एकच वाटतो. कान त्यावर राहू दिला की त्याचे थर वेगळे होतात. खाली जाड, दूरचा. वर फुटणारा, पातळ. नाव वळताना दोन्ही कानांतली वाटणी बदलते. ती पूर्ण बदलेपर्यंत ऐका.

परत येताना पूल समोर आहे आणि वर पुतळ्यांची रांग. तीस पुतळे आणि शिल्पसमूह, बहुतेक १६८३ ते १७१४ च्या दरम्यान उभे राहिलेले. मुळातले बरेचसे आता संग्रहालयात आणि पुलावर त्यांच्या प्रतिकृती. नावेतून एक गोष्ट लगेच जाणवते. त्या सगळ्यांच्या पाठी तुमच्याकडे आहेत. ते पुलावरून चालणाऱ्यांसाठी उभे आहेत. नदीला मिळतात ते वस्त्रांचे मागचे घोळ, खांदे, एखादा उचललेला हात आणि आकाश.

यातला सर्वांत जुना पुतळा खालच्या अंगाला आहे, नेपोमुकच्या जॉनचा. १३९३ साली राजा चौथ्या वेन्सेस्लासच्या हुकमावरून या धर्मगुरूला नदीत टाकून मारलं. राणीनं पापनिवेदनात सांगितलेलं त्यानं राजाला सांगितलं नाही म्हणून, असं दंतकथा सांगते. इतिहासकार चर्चमधल्या सत्तेच्या भांडणाकडे बोट दाखवतात. पुढं तो संत झाला, आणि पुलांचा रक्षक झाला. पुरापासून वाचवणारा म्हणूनही लोक त्याचीच प्रार्थना करतात. नदीत मारलेल्या माणसाकडे नदीपासून रक्षण मागायचं. मला यात विसंगती वाटत नाही. पाणी ज्यानं शेवटपर्यंत पाहिलं, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे काम सांगायचं? तुमच्या ओळखीच्या अशा एखाद्या माणसाची आठवण इथं आली तर ती येऊ द्या, थोडी बसू द्या.

नाव आता नदी ओलांडून डाव्या काठाच्या चेर्तोव्हका ओढ्यात शिरते. एका बाजूला कांपा बेट, दुसऱ्या बाजूला घरांच्या भिंती थेट पाण्यात उतरलेल्या. याला प्रागचं व्हेनिस म्हणतात. हे कौतुक मला पटत नाही, ओढ्याला स्वतःचं पुरेसं आहे. जुन्या गिरणीचं मोठं लाकडी चाक आहे, त्याच्याजवळ एक व्होडनिक बसवलेला आहे. चेक कथांतला हा पाण्यातला जीव. त्याच्या कोटाच्या टोकातून सतत पाणी ठिबकतं आणि बुडालेल्यांचे आत्मे तो झाकणाच्या भांड्यांत ठेवतो. आजी नातवंडांना काठापासून लांब ठेवायला त्याचं नाव घेत आल्या आहेत.

२००२ च्या ऑगस्टमध्ये हा सगळा भाग पाण्याखाली होता. एरवी प्रागमधून व्हल्टावा सेकंदाला सरासरी दीडशे घनमीटर पाणी नेते; १४ ऑगस्टला ते पाच हजारांच्या वर गेलं. कांपा बुडालं, भुयारी रेल्वे बुडाली. काठावर उभारलेल्या तात्पुरत्या धातूच्या भिंतींनी जुनं शहर वाचवलं. चार्ल्स पुलावर यंत्रं उभी करून खांबांना अडकलेला पसारा उचलत राहिले. १८९० ला तीन कमानी कशानं गेल्या होत्या, हे त्या यंत्रांवरच्या माणसांना पाठ असणार.

पाऊण तास संपतो. उतरताना पुन्हा घाई नको. आणि लगेच गर्दीत मिसळूनही जाऊ नका. पुलावर चढा. जुन्या शहराच्या बाजूनं चालत दोन्हीकडच्या पाचव्या पुतळ्याच्या जागेपाशी थांबा. १८९० ला नदीत गेलेले दोन समूह इथलेच. उजवीकडे इग्नेशियस लोयोला होता, डावीकडे फ्रान्सिस झेवियर. पुरानंतर झेवियरची प्रतिकृती करून ती १९१३ साली त्याच जागी बसवली. इग्नेशियसला परत आणलं नाही. त्याच्या जागी १९३८ मध्ये सिरिल आणि मेथोडियस आले, स्लाव लोकांना त्यांच्या भाषेत धर्म सांगणारे दोघे भाऊ. नदीनं दोघांना एकाच दिवशी नेलं. कुणाला परत उभं करायचं, हे ठरवलं शहरानं.

झेवियर म्हणजे आपल्याकडच्या माणसाला परका नाही. १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, आणि त्याचा देह आज जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या बॅसिलिकात आहे. ३ डिसेंबरच्या फेस्ताला माणसांची रीघ लागते, दर दहा वर्षांनी देहाचं दर्शन असतं. अनेकांचा तो गोंयचो सायब आहे. त्याच काळात गोव्यातली देवळं पाडली गेली. मंगेशाचं लिंग १५६० मध्ये कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला न्यावं लागलं. या दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या, काही घरांच्या आठवणीत तर शेजारी शेजारी. पुतळ्यासमोर उभं राहताना एकीसाठी दुसरी विसरायची गरज नाही. दोन्ही मनात असू द्या आणि श्वास नेहमीसारखा चालू द्या.

मग संताकडून नजर खाली आणा. फर्डिनांड मॅक्सिमिलियन ब्रोकोफनं १७११ साली हा समूह घडवला, तेव्हा त्याचं वय तेवीसच्या आसपास होतं. हिंदुस्थान त्यानं पाहिलेला नव्हता. दूर देशांतली म्हणून त्यानं कल्पिलेली माणसं इथं खाली आहेत, संताची बैठक आपल्या पाठीखांद्यांवर तोलून धरणारी. नावेतून त्यांचं काही दिसत नव्हतं. आता समोर आहेत. एकेका चेहऱ्यापाशी थांबा. मानेची शीर बघा, दाबलेले ओठ, ओझ्याखाली वळलेला खांदा. बोहेमियातल्या एका तरुणानं ऐकीव गोष्टींवरून काढलेल्या या चेहऱ्यांत आपल्याकडचं कुणी सापडतं का, ते तुमचं तुम्ही बघा.