कर्ता कोण?

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना प्रबंधलेखन शिकविण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला थोडे हसूच आले. ज्यांनी रोग्याची नाडी पाहायची, त्यांना भाषेच्या मास्तराने काय शिकवावे? परंतु पहिल्याच प्रबंधात एक इंग्रजी वाक्य भेटले. त्याचा सरळ अर्थ असा : रोगी उपचारात नापास झाला. वैद्यकीय इंग्रजीत ही रूढ वाक्यरचना आहे. मी विचारले, “नापास कोण झाले? रोगी की औषध?” तरुण डॉक्टर क्षणभर थांबून म्हणाला, “औषध, सर.”

शास्त्रीय लेखनात ‘मी’ शक्यतो येऊ नये, असा जुना संकेत आहे. त्यामागे विनय आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रयोग कोणीही केला तरी फळ तेच यावे; मग करणाऱ्याचे नाव कशाला? पण याच संकेताच्या आडोशाने कर्ता पळही काढतो. ‘मात्रा कमी पडली’, ‘नोंद राहून गेली’. कोणाकडून, ते वाक्य सांगत नाही.

अशा वेळी मला व्हिएन्नाचा इग्नाझ सेमेलवाइस आठवतो. तेथील मोठ्या रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूतिविभागात एप्रिल १८४७ मध्ये शेकडा सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत, हे त्याने ओळखले. मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. जुलैत मृत्यूचे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले.

पण या माणसाला लिहिण्याचा मनस्वी तिटकारा होता. मित्रांनी त्याच्या वतीने लिहिले. त्याचा स्वतःचा ग्रंथ मात्र १८६१ साली निघाला, आणि तोही पाल्हाळाने व विरोधकांवरील संतापाने भरलेला. विरोधाला इतर कारणेही होती. तरी वेळेवर, नेटकेपणाने लिहिले असते, तर काही आया वाचल्या नसत्या काय? न लिहिणे हासुद्धा कधी कधी रोग्याचा अपराध ठरतो.

आणि तरीही त्याच विस्कळीत ग्रंथात त्याने एक गोष्ट लपविली नाही. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली गेल्या ते देवच जाणे, अशी कबुली त्याने दिली. इतरांच्या हातांविषयी बोलणाऱ्याने आधी स्वतःचा हात पुढे केला.

‘माझ्या हातून झाले’ असे आपण मराठीत म्हणतो. कर्तेपणाचा डौल त्यात नाही, पण हात नाहीसा होत नाही. प्रबंधाची भाषा कोणतीही असो, एवढे तिच्यात उतरावे, असे मला वाटते.

तो डॉक्टर आठवड्याने परत आला. पहिले वाक्य त्याने सुधारले होते. त्याखाली नवे वाक्य होते : ‘मात्रा वाढविण्यास मी २ दिवस उशीर केला.’ त्याने विचारले, “सर, हे ठेवू का? परीक्षक काय म्हणतील?”

परीक्षकांची हमी मला देता येईना. मी एवढेच म्हणालो, “पुढचा रोगी ज्याच्याकडे येईल, त्या डॉक्टरला हे वाक्य हवे असेल.”

त्याने कागदाची घडी घातली. ते वाक्य राहिले की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.