बारगिराचा घोडा

पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. तेव्हा येथील एखाद्या मुलाने महाविद्यालयाच्या अश्वारोहण पथकात नाव घातले, तर शिलेदारीची स्वप्ने पाहणे त्यास स्वाभाविकच. परंतु शिलेदार स्वतःचा घोडा आणी, आणि सरकारी पागेच्या घोड्यावर स्वार होई तो बारगीर. या हिशेबाने विद्यार्थी बारगीरच ठरतो.

कठोपनिषदाने इंद्रियांस अश्व आणि मनास लगाम म्हटले खरे. पण ते अश्व आपल्या मालकीचे, असे जे आपण मुकाट्याने गृहीत धरतो, तेथेच आपली फसगत होते, असे मला वाटते. अमेरिकेत १९६७ पासून चालत आलेल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत तर अनोळखी घोडा चिठ्ठीने वाट्यास येतो, प्रारब्धच म्हणा ना, आणि सरावाची एक फेरीही न मारता त्यावर रिंगणात उतरावे लागते.

खरारा करताना जनावराने कान मागे पाडले, की हात आवरून घ्यावा, खूर उचलून त्यातील खडा काढावा, आणि दिवस सरताच ज्याची एवढी चाकरी केली, तो घोडा दुसऱ्याच्या हवाली करावा: अनासक्तीचा इतका रोखठोक अभ्यास मठांतूनही विरळाच घडत असेल. वडगावच्या पालकांनी मुलांस तबेल्यात अवश्य धाडावे.