बिदागी आणि निष्ठा

२०१६ सालच्या कार्तिक महिन्यातील एका रात्री मी घोडेगावास माझ्या चुलत्यांच्या घरी मुक्कामास होतो. आप्पांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेले. आमचे मूळचे घर आंबेगावचे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुका मात्र अजून त्याच नावाने ओळखला जातो. त्या रात्री पुतण्याने दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना लावला होता. अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी व केरळ ब्लास्टर्स हे संघ खेळत होते. मुंबईने पाच गोल केले, केरळला एकही करता आला नाही. आणि त्या पाचांपैकी तीन गोल दिएगो फोर्लान नावाच्या, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका सदतीस वर्षांच्या खेळाडूने केले. आप्पांना त्या खेळाचे नियम ठाऊक नव्हते. पण कसबी माणूस ओळखण्याची नजर त्यांना होती. त्यांनी विचारले, “हा गडी कुठला रे?” पुतण्याने मोठ्या उत्साहाने त्याने खेळलेल्या संघांची यादी सांगितली. आप्पा ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन इतकेच म्हणाले, “म्हंजे हा कुणाचाच न्हाई.”

हा निकाल माझ्या मनात आजतागायत रुतून बसला आहे. त्याचे एक कारण उघड आहे. सतराव्या वर्षी गाव सोडून मी पुण्यास शिकावयास गेलो, आणि पुढे तीन निरनिराळ्या महाविद्यालयांत पगार घेऊन शिकविले. आप्पांनी तो निकाल माझ्याकडे पाहून दिला नव्हता. तरी तो मलाही लागू पडतो हे न कळण्याइतका मी भाबडा नाही. म्हणून प्रश्न असा की, जो मोल घेऊन आज या दारी व उद्या त्या दारी आपले कसब दाखवितो, त्याला निष्ठा असू शकते काय? की निष्ठा म्हणजे एका जागी टिकून राहणे, एवढाच तिचा अर्थ?

फोर्लानची यादी खरोखरच लांब आहे. उरुग्वे देशातील मोंतेव्हिदेओ शहरी १९७९ साली तो जन्मला. तो प्रथम अर्जेंटिनातील इंदिपेंदिएन्ते संघात नावारूपास आला. २००२ च्या जानेवारीत इंग्लंडातील मँचेस्टर युनायटेडने त्याला नेले. तेथून तो स्पेनमध्ये व्हिलारेआल व मग अॅटलेटिको माद्रिद, नंतर इटलीत इंटर मिलान, ब्राझीलमध्ये इंटरनॅसिओनाल, जपानात सेरेझो ओसाका, परत आपल्या गावी पेन्यारोल, मग आपली मुंबई, आणि अखेर २०१८ साली हाँगकाँगचा किची संघ, असा फिरला. मुंबईचा मुक्काम तर एका हंगामाचा, म्हणजे पुरते तीन महिनेही नव्हे.

आपल्याकडे एक म्हण आहे: ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. ती आपण बहुधा कुत्सितपणे उच्चारतो, आणि पोळी खाणारा मिंधा असतो असे गृहीत धरतो. परंतु जरा थांबून पाहिले, तर या म्हणीत एक कर्तव्यही सांगितले आहे. पोळी खाऊन टाळी न वाजविणारा, किंवा नुसती वाजविल्यासारखे करणारा, हाच खरा बेइमान. मोबदला घेतल्याने निष्ठा भ्रष्ट होत असेल, तर शिक्षक, वैद्य आणि कीर्तनकार या सर्वांनाच आपण बेइमान ठरविले पाहिजे. शिवाय द्रव्य कशासाठी मिळवावयाचे हाही प्रश्न असतोच. फोर्लान बारा वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या बहिणीला भीषण मोटार अपघात झाला व ती कायमची चाकाच्या खुर्चीस खिळली. तोपर्यंत टेनिस की फुटबॉल अशा द्विधा मनःस्थितीत असलेल्या या मुलाने, घराला हातभार लागावा म्हणून, फुटबॉलमध्येच नाव काढण्याचा निश्चय केला. अशा माणसाला ‘पैशासाठी खेळणारा’ म्हणणे खरे आहे. पण ते म्हणताना नाक मुरडणे बरोबर नाही.

आणि ही रीत परदेशातून आलेली आहे असे तरी आपण का मानावे? आमच्याच शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तेथे पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे कारभारी आपापल्या यात्रेसाठी फड ठरवावयास येतात. कलावंत हंगामापूर्वी फडमालकाकडून ‘उचल’ घेतो व त्या हंगामापुरता त्या फडाला बांधला जातो. पुढल्या वर्षी तोच ढोलकीवाला दुसऱ्या फडात दिसला, तर त्याला कोणी फितूर म्हणत नाही. मात्र उचल घेऊन जो रात्री अंगचोरपणा करतो, त्याचे नाव साऱ्या मुलखात खराब होते. म्हणजे बिदागीवर जगणाऱ्यांचीही एक नीती आहे, आणि ती ‘किती दिवस राहिलास’ असे न विचारता ‘होतास तेव्हा पुरता होतास काय’ असे विचारते.

या कसोटीवर फोर्लानला घासून पाहावे. मँचेस्टरात आल्यावर पहिले आठ महिने त्याला एकही गोल करता आला नाही. प्रतिस्पर्धी त्याची टर उडवीत. तरी तो धावण्यात कधी उणा पडला नाही. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या मैदानावर त्याने दोन गोल करून सामना जिंकून दिला, ही गोष्ट तेथील लोक अजून आठवतात. पुढे २००४-०५ च्या हंगामात २५ व २००८-०९ मध्ये ३२ गोल करून तो स्पेनच्या साखळीत दोनदा सर्वांच्या पुढे राहिला. २०१० च्या विश्वचषकात पाच गोल करून तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु यश मिळत असता टिकणे सोपे असते. मला अधिक मोलाची वाटते ती ओसाकाची गोष्ट. २०१४ च्या अखेरीस तो संघ खालच्या श्रेणीत घसरला. विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू असलेला हा मनुष्य लगेच उठून चालता न होता पुढील वर्षी काही महिने त्या खालच्या श्रेणीतही खेळला. मुंबईत मात्र उपांत्य फेरीच्या कोलकात्यातील सामन्यात त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले, आणि त्याच्या संघाची अंतिम फेरी हुकली. हा दोष त्याच्या खाती मांडलाच पाहिजे.

येथवर मी वकिलाप्रमाणे एकच बाजू मांडीत आलो. आता आप्पांची बाजू. पाणी चढेपर्यंत आप्पा आंबेगावात राहिले. जो राहतो, त्याला वाईट वर्षांचा हिशेब चुकविता येत नाही. विहीर आटली तरी तिच्या काठी त्यालाच बसावे लागते. फिरस्त्याची सर्वांत मोठी सोय हीच की, त्याच्या चुकांची फळे भोगावयास तो तेथे नसतो. उरुग्वे हा उणापुरा पस्तीस लाख वस्तीचा देश. त्याचे चांगले खेळाडू कोवळ्या वयातच परदेशी जातात, आणि मागे राहिलेले त्यांना पडद्यावर पाहून टाळ्या वाजवितात. जुन्नर-आंबेगावची मुले पुण्या-मुंबईस जातात, तेव्हा आमच्या वाड्या-वस्त्यांवर याहून वेगळे काय घडते? एका माणसाच्या प्रामाणिकपणाने ही झीज भरून निघत नाही. फोर्लान २०१५ मध्ये पेन्यारोलला परतला. त्याचे वडील पाब्लो याच संघाचे नामांकित खेळाडू होते. त्याने संघाला देशाचे अजिंक्यपद मिळविण्यास हातभार लावला आणि वर्षभराने तो पुन्हा निघाला. परत येणे आणि राहणे यांत अंतर आहे, हे आप्पांचे म्हणणे मी नाकारू शकत नाही.

तरीसुद्धा ‘कुणाचाच नाही’ हे शब्द मला पटत नाहीत, आणि याचा पुरावा मला जुन्नरच्याच डोंगरांत सापडतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाने व्यापार चालत असता परदेशी यवन येथे येत. येथील लेण्यांतील लेखांत त्यांची नावे कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. ही माणसे बहुधा नफ्यासाठीच आली असतील. परंतु त्यांनी खडकात पाणी साठवून ठेवले, आणि त्या पाण्यावर त्यांच्या मागून आलेल्यांची तहान भागली. मग इरिल कोणाचा? मी म्हणतो, जितका त्याच्या जन्मभूमीचा तितकाच जुन्नरचा.

मात्र टाके खोदावयाचे तर खडक यजमानाचा लागतो; तो त्याने खुला करून दिला पाहिजे. येथे दोषाचा काटा पाहुण्याकडून आपल्याकडे वळतो. ज्याला आपण बिदागी देऊन बोलावतो, त्याच्याकडून आपण काय मागतो? एका रात्रीची करमणूक मागितली, तर तेवढीच मिळेल. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा, आयुष्य फडाबरोबर वाटेवर गेलेले, आणि नाव मात्र नारायणगावचे. राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. पूर्ण दिवस भरले असता फडावर उभे राहून, मध्येच प्रसूत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्याची त्यांची हकीकत सर्वश्रुत आहे. याहून अधिक निष्ठा कोणी दाखवावी? पण त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, आणि २००२ साली त्या वारल्या. आयुष्यभर टाळ्या वाजविणारे आपण तेव्हा कोणाचे होतो?

फिरत्या माणसाकडे निष्ठा मागण्याचा अधिकार आपणांस आहे. परंतु ती दोन्ही बाजूंनी पाळावयाची गोष्ट आहे. त्याने आपले सर्वस्व द्यावे, आणि आपण ते वाया जाऊ देऊ नये. त्याच्यापासून आपली पोरे काही शिकतील अशी मैदाने राखावीत, आणि त्याचे हातपाय थकल्यावरही त्याचे नाव विसरू नये.

आप्पा आता नाहीत. ते असते तर हा लेख त्यांना वाचून दाखविण्याचे धैर्य मला झाले असते की नाही, कोण जाणे. कारण त्यांनी फोर्लानला सोडून दिले असते, आणि मला मात्र विचारले असते, “तू आपल्या मुलखात कुठलं टाकं खोदलंस?”