धांवणाऱ्याचा धीर

वाचावयाचा शास्त्रभाग: इब्री लोकांस पत्र, अध्याय १२, वचनें १ ते १३



ह्या अध्यायाच्या आरंभीं शर्यतीचा जो दृष्टांत आहे तो आपणां बहुतेकांच्या परिचयाचा आहे. ख्रिस्ती मनुष्याचें जीवित ही लांब पल्ल्याची धांव आहे, व तिला वेगापेक्षां धीर अधिक लागतो, असा त्याचा आशय आहे. पुष्कळ उपदेश तेथेंच संपतात. परंतु त्याच अध्यायांत पुढें, १२ व्या व १३ व्या वचनांत, लेखक गळालेले हात, लटपटणारे गुडघे व लंगडा पाय ह्यांविषयीं बोलतो. धांवणाऱ्यांच्या गोष्टींत लंगडा कोठून आला? हा प्रश्न पुष्कळ वर्षें माझ्या मनांत आला नव्हता. गेल्या वर्षीं माझ्याच पायानें तो मला विचारिला.

मला तरुणपणापासून पहांटे लांबवर धांवण्याची संवय आहे. एके दिवशीं डावी नडगी दुखूं लागली. मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. उलट अंतर वाढविलें. शेवटीं डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हाडास बारीक चीर पडली आहे, सहा आठवडे धांवणें अगदीं बंद. तीन आठवडे मीं तें पाळिलें. चौथ्या आठवड्यांत दुखणें थांबलें व अंगांत हुशारी आली. तेव्हां एके पहांटे, पत्नी झोंपेंत असतां, मी जोडे हातांत घेऊन हळूच बाहेर पडलों व पांच किलोमीटर धांवून आलों. तिनें विचारिलें तेव्हां, "जरा फिरून आलों," असें सांगितलें. असें तीन दिवस चाललें. चौथ्या दिवशीं पाय जमिनीस टेकवेना. चिरलेलें हाड व बोललेलें असत्य, दोन्हीं एकाच दिवशीं उघडकीस आलीं.

डॉक्टर रागावले नाहींत. हाड कसें बरें होतें एवढेंच त्यांनीं समजाविलें. शरीर प्रथम बिघडलेला भाग पोखरून काढितें. ह्यास कांहीं आठवडे लागतात. मग त्या जागीं नवें हाड भरतें, व तें पक्कें होण्यास कांहीं महिने लागतात. मधल्या काळांत ती जागा कच्चीच असते. परंतु दुखणें पुष्कळदां त्यापूर्वींच थांबतें, आणि दमही हाडापेक्षां लवकर परत येतो. म्हणून, "मी बरा झालों," असें ज्या वेळीं धांवणाऱ्यास वाटतें तीच वेळ त्याच्या धोक्याची.

बंधुजनहो, आपल्या आत्म्याचेंही असेंच नाहीं काय? पश्चात्तापाचे अश्रू लवकर येतात, उत्साह त्याहूनही लवकर येतो. पण स्वभाव सावकाश भरून येतो. दारू सोडलेला मनुष्य पहिल्याच महिन्यांत जुन्या सोबत्यांत जाऊन आपलें बळ अजमावितो व पडतो. भावाशीं समेट केलेला दुसऱ्याच दिवशीं बांधाचा जुना हिशेब काढितो व भांडण पुन्हा पेटतें. त्यांचा पश्चात्ताप खोटा नव्हता. हाड अजून कच्चें होतें.

अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत १९१७ सालीं एका शाळेची शेगडी पेटवितांना भडका उडाला. रॉकेलच्या डब्यांत चुकून पेट्रोल भरलेलें होतें. त्यांत ग्लेन कनिंगहॅम नांवाचा सात वर्षांचा मुलगा भाजला व त्याचा वडील भाऊ मरण पावला. ग्लेनच्या डाव्या पायाचीं बोटें गेलीं, आणि पाय कापावे लागतील असें डॉक्टरांस वाटलें. तो प्रथम उभें राहण्यास शिकला, मग चालण्यास, मग धांवण्यास. १९३४ सालीं त्यानें एक मैल धांवण्याचा जागतिक विक्रम केला, व १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत पंधराशें मीटरच्या शर्यतींत दुसरा आला. आपण विक्रमाची गोष्ट आवडीनें सांगतों. मधलीं सतरा वर्षें मात्र एका वाक्यांत उरकून टाकितों.

शास्त्रांतील 'धीर' ह्या शब्दास मूळ ग्रीक भाषेंत 'हुपोमोने' असें आहे; त्याचा मूळ अर्थ भाराखालीं टिकून राहणें असा आहे. धीर म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें नव्हे. दुसऱ्या वेळीं मला क्रम घालून देण्यांत आला तो असा: आरंभीं केवळ चालावें, मग एक मिनिट धांवावें, चार मिनिटें चालावें, एक दिवसाआड विसांवा घ्यावा, दुखलें तर एक पायरी मागें यावें. एक मिनिट! शाळेचीं मुलें हंसत माझ्या पुढें निघून जात. सहा आठवडे बसून राहण्यापेक्षां तें एक मिनिट मला अधिक जड गेलें, कारण तेथें माझा गर्व मोडावयाचा होता.

आणि आतां तें तेरावें वचन. लंगड्याचा पाय अधिक मुरगळूं नये, तो बरा व्हावा, म्हणून वाटा सरळ कराव्या, असें लेखक सांगतो. ही आज्ञा साऱ्या मंडळीस आहे. माझ्या पत्नीनें मला क्षमा केली, आणि दुसऱ्या सकाळपासून ती माझ्याबरोबर माझ्याच संथ चालीनें चालूं लागली. तिनें माझी वाट सरळ केली. पडलेला भाऊ उपासनेस परत आला म्हणजे आपण दोन चुका करितों. कोणी त्यास लगेच पुढें उभें करून साक्ष द्यावयास लावितात. कोणी मागें बसून त्याचें लंगडणें मोजितात. दोघेही त्याचा पाय मुरगळतात. त्याच्या शेजारीं बसा, त्याच्या चालीनें चाला, व हाड भरूं द्या.

आज मी वीस मिनिटें न थांबतां धांवतों. पूर्वींच्या मानानें तें थोडें आहे. पण तें उघडपणें धांवतों, घरीं सांगून धांवतों. आपणांपैकीं जे आज केवळ चालण्याच्या पायरीवर आहेत, त्यांनीं लाजूं नये. ज्यानें ही धांव आरंभिली तो आपल्या लंगड्या पायासही ओळखितो. तो आपणां सर्वांस धीर देवो. आमेन.