चांगल्या कामाचे देणे

बालाघाट येथील आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंनी शब्बाथशाळेत सृष्टीच्या उत्पत्तीचा पाठ घेतला. पाचव्या दिवशी पाणी जिवंत प्राण्यांनी भरून गेले, येथपर्यंत पाठ आल्यावर त्यांनी मुलांना आपल्या वैनगंगा नदीतल्या प्राण्यांची नावे सांगायला लावली. मुलांनी मासे सांगितले, खेकडा सांगितला, कासव सांगितले. एक मुलगा म्हणाला, "झिंगा!" आणि लगेच त्याने विचारले, "बाई, माझे आजोबा म्हणतात, पूर्वी बाजारात हातभर लांब नांग्यांचे झिंगे यायचे. आता नुसते बारीक येतात. देवाने मोठे झिंगे केले होते, तर मग ते नेले कोणी?"

बाईंना उत्तर सुचले नाही. त्यांनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला. आम्ही त्याचा जसजसा विचार करू लागलो, तसतसे आमच्या लक्षात आले की हा प्रश्न झिंग्याचा आहे तितकाच आपल्या सर्वांच्या वागणुकीचाही आहे. कारण ह्या गोष्टीत चोर सापडत नाही. सापडतात ती बहुतेक चांगली माणसे आणि त्यांची चांगली कामे.

प्रथम झिंग्याची हकिकत पाहू. नदीतले बारीक झिंगे आपला सारा जन्म गोड्या पाण्यातच काढतात. पण गोदावरीच्या खोऱ्यात एक मोठा झिंगा आहे. १८४४ मध्ये मिल्न-एडवर्ड्स ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रज्ञ त्याला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी म्हणतात. हा राहतो नदीत, वाढतो नदीत, परंतु त्याचे बाळपण मात्र खाऱ्या पाण्याच्या आधाराने जाते. मादी आपली अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून बाळगते. अंड्यांतून निघालेले इवलेसे जीव पुराच्या पाण्याबरोबर खाली वाहत जातात. नदी व समुद्र जेथे मिळतात, तेथल्या मचूळ पाण्यात ते अनेकदा कात टाकून झिंग्याचे रूप घेतात. मग बोटाच्या पेराएवढी ती पिले काठाकाठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, पुन्हा वरच्या गोड्या पाण्याकडे निघतात.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटावरून वाहते, पुढे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांचे पाणी घेते, वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळते. ह्या एवढ्या मोठ्या वाटेवर झिंग्याच्या पिलाला जागोजाग भिंती लागतात. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरम्‌चा बंधारा आहे. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. बालाघाट जिल्ह्यात ब्रिटिश अमदानीतला धुटीचा बंधारा आहे, आणि त्याच्याही वर शिवनी जिल्ह्यात भीमगडचे धरण आहे. भिंत लहान आणि ओलसर असली तर पिले तिच्यावरून सरपटत जातात. भिंत उंच असली तर ती तेथेच थांबतात. वरच्या पाण्यातले जुने झिंगे पकडले जातात किंवा मरतात, आणि त्यांच्या जागी नवे येत नाहीत. कोणी काही न करता जात दिसेनाशी होते.

परंतु ह्या भिंती बांधणारे कोण होते? धवळेश्वरम्‌चाच बंधारा घ्या. १८३२–३३ साली गुंटूरच्या भागात भीषण दुष्काळ पडला. माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. गोदावरीचे पाणी मात्र शेजारून समुद्रात जात होते. सर आर्थर कॉटन ह्या अभियंत्याने १८४७ ते १८५२ ह्या काळात तेथे बंधारा बांधला, कालवे काढले, आणि तो उपाशी प्रदेश भाताचे कोठार झाला. कॉटन हे श्रद्धावान ख्रिस्ती गृहस्थ होते. नद्यांचे पाणी गरिबाच्या शेतात नेणे हे त्यांनी आपले जन्माचे कार्य मानले. आजही त्या भागातले शेतकरी त्यांचे नाव आदराने घेतात, गावोगाव त्यांचे पुतळे आहेत. अशा माणसाला दोष देण्यास आमची जीभ धजत नाही. आपल्याकडेही धुटीच्या कालव्याने किती घरांत भात शिजला असेल! तो खाऊन बंधाऱ्याला नावे ठेवणे हे कृतघ्नपणाचे होईल.

तर मग प्रश्न असा आहे: हेतू चांगला, काम चांगले, फळही चांगले, तरीही त्या कामामुळे ज्याचे नुकसान झाले त्याचे आपण काही देणे लागतो का?

पुष्कळ लोक म्हणतील, "नाही. जाणूनबुजून काही केले नाही, मग अपराध कसला?" पवित्र शास्त्राचे उत्तर निराळे आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात खड्ड्याविषयी एक नियम आहे. कोणी खड्डा खणला आणि उघडा ठेवला, आणि त्यात शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई करावी. आपल्या मुलखात पाण्यासाठी खड्डा खणणे म्हणजे काय, हे विहिरी खणणाऱ्यांना सांगायला नको. ते पुण्याचे काम. नियमशास्त्र खड्डा खणण्यास मना करीत नाही, तो बुजवून टाका असेही म्हणत नाही. मालकाने बैलाला मुद्दाम ढकलले का, असेही विचारीत नाही. ते एवढेच विचारते की, येथून कोणाचे जनावर जाते हे तू पाहिलेस का, आणि तोंडावर झाकण घातलेस का? चांगल्या कामालाही झाकण लागते, आणि ते घालण्याची जबाबदारी खणणाऱ्याची आहे.

बंधाऱ्यांच्या बाबतीत कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. १८७३ मध्ये फ्रान्सिस डे यांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातल्या मासळीवर सरकारला अहवाल दिला. बंधाऱ्यांमुळे मासळीची वर जाण्याची वाट अडते, तेव्हा तिला जाण्यापुरती वाट ठेवावी, हा विचार त्यात आहे. ह्या गोष्टीला दीडशे वर्षे होऊन गेली. त्यानंतर ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्याविषयी "आम्हांला माहीत नव्हते" असे म्हणण्याची सोय उरली नाही.

येथे एक रास्त हरकत येईल. "ज्याच्या घरात भाकर नाही, त्याच्यापुढे झिंग्याचे पुराण कशाला?" आम्ही ही हरकत हलकी मानीत नाही. पण जरा पाहा, झिंगा ही कोणाची भाकर होती? नदीकाठच्या ढिवराची. त्याच्याकडे शेत नाही, म्हणून कालव्याचे पाणी त्याच्या उपयोगाचे नाही. धरणाने एकाला भात दिला आणि दुसऱ्याचे कालवण नेले. भात मिळाला त्याची नोंद झाली, कालवण गेले त्याची झाली नाही. झिंगा पाण्याखाली असतो, आणि ढिवर कचेरीत बोलावला जात नाही. ज्याचे नुकसान झाले तो बोलू शकत नाही म्हणून नुकसानच झाले नाही, असे मानणे न्यायाचे नव्हे.

आणि समजा, झिंगा कोणाचीच भाकर नसता, तर? तरीही आम्ही हेच म्हणू. वाढण्याचा आशीर्वाद माणसाच्या आधी जलचरांना मिळाला, हे उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. त्या आशीर्वादाची वाट आपण अडवावी आणि आपल्याला त्याचे काहीच वाटू नये, हे बरे नाही.

देणे मान्य केले म्हणजे फेडण्याची घाई होते. परंतु घाईनेही अनर्थ होतो. ह्याचे उदाहरण युरोपातल्या क्रेफिशचे आहे. क्रेफिश हा झिंग्याचा दूरचा भाऊबंद, गोड्या पाण्यात राहणारा आणि खेकड्यासारख्या जाड नांग्यांचा. आपल्या देशात तो निसर्गतः आढळत नाही, त्याचे काम येथे झिंगे व खेकडे करतात. युरोपच्या नद्यांत मात्र तो विपुल होता. १८६० च्या सुमारास इटलीत त्याच्यावर अमेरिकेकडून आलेली बुरशीसारखी साथ पडली आणि ती देशोदेशी पसरली. १९०७ मध्ये ती स्वीडनमध्ये पोहोचली आणि तेथले क्रेफिश नदीमागून नदी मरत गेले. लोक हळहळले. रिकाम्या झालेल्या नद्या पुन्हा भराव्या ह्या चांगल्या हेतूने १९६० मध्ये कॅलिफोर्नियातून दुसऱ्या जातीचे क्रेफिश आणून सोडण्यास आरंभ झाला. ते साथीने मरत नव्हते. कारण नंतर नीट उमगले: ती साथ ते स्वतःच अंगावर वागवीत होते! जे देशी क्रेफिश कसेबसे उरले होते, त्यांच्यापर्यंत रोग पोहोचवण्याचे काम ह्या पाहुण्यांनी केले. पुढे इंग्लंडमध्येही हीच जात आणली गेली आणि तेच झाले. शेवटी २०१६ मध्ये युरोपीय संघाला ह्या पाहुण्याचे नाव बंदी घातलेल्या परक्या प्राण्यांच्या यादीत घालावे लागले.

म्हणजे प्रेम होते, पण पाहणे नव्हते. आज तेथले संशोधक काय करतात पाहा. एकेक ओढा तपासतात. कोठे देशी क्रेफिश उरला आहे आणि कोठे परका शिरला आहे, ह्याची नोंद ठेवतात. ज्या एकांतातल्या तळ्यांत आणि जुन्या खाणींच्या पाण्यात रोग पोहोचणार नाही, तेथे थोडे देशी क्रेफिश नेऊन जपतात. अशा जागांना त्यांनी नोहाच्या तारवाचे नाव दिले आहे. २०१५ मध्ये जगातल्या सुमारे ५९० जातींच्या क्रेफिशची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जातींचे अस्तित्व धोक्यात आहे असे तीत आढळले. ह्या लोकांचे काम फार हळू चालते. पण ज्याचे आपण देणे लागतो त्याला आधी ओळखणे, हा परतफेडीचाच पहिला हप्ता आहे असे आम्हांस वाटते. आपण दानाचे कपडे वाटतो, तेव्हाही घेणाऱ्याच्या अंगाचे माप पाहतोच ना?

असे काम आपल्या शेजारीही चालले आहे. वैनगंगेच्या पलीकडे गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले पुष्कळसे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. त्यांत बेशरमाची झाडे माजली, पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या आणि त्यांबरोबर देशी मासळी कमी झाली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना सोबत घेऊन काम आरंभले. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने राहतो, हे ज्ञान ढिवरांजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. त्यांना विचारून बेशरम काढले, योग्य वनस्पती पुन्हा लावल्या. येथे ढिवर कामाचा लाभार्थी नव्हता, तर गुरू होता, ही गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते.

मोठ्या झिंग्यासाठीही संशोधकांनी श्रम घेतले आहेत. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ह्याच झिंग्याची पिले कृत्रिम मचूळ पाण्यात वाढवण्याची रीत बसवली. अशी पिले धरणाच्या वर सोडता येतात आणि त्याने ढिवराच्या जाळ्यात काही येऊ शकते. हे चांगलेच आहे. तथापि भुकेल्याला रोज शिधा पाठवणे वेगळे, आणि त्याच्या घराची अडलेली वाट मोकळी करून देणे वेगळे. शिधा बंद झाला की भूक परत येते. म्हणून नवा बंधारा घालताना अथवा जुना दुरुस्त करताना पाण्यातल्या प्राण्यांना वाट ठेवली आहे का, हा प्रश्न विचारण्याचे आपण सोडू नये.

आपण साधी माणसे धरणे बांधीत नाही, हे खरे. पण लहान लहान खड्डे आपणही खणतो. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासळीच्या विणीचा काळ म्हणून मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत आपण बाजारात चोरून आलेली मासळी विचारतो का? पोटाखाली अंडी असलेली झिंग्याची मादी हाती लागली, तर ती पाण्यात परत सोडतो का? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी असाच नियम आहे: पिलांवर बसलेली आई पिलांसह उचलू नये, तिला जाऊ द्यावे. शहरांतल्या दुकानांत काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी परदेशी क्रेफिश विकत मिळतात. मुलांचा त्यांत जीव रमतो, पण कंटाळा आला म्हणून, किंवा दया आली म्हणूनही, ते नदीनाल्यात सोडू नयेत. दयेने केलेले असे काम कोठवर जाते, हे स्वीडनने पाहिले आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. पाचव्या दिवसाचा पाठ एकदा जवळच्या नाल्यावर घ्यावा. पाणी थोडे आणि संथ असेल असा दिवस पाहावा. मुलांनी एखादा दगड हळूच उचलावा, खाली कोण राहतो ते पाहावे, आणि दगड जसा होता तसा परत ठेवावा. परत ठेवणे हा पाठाचा अर्धा भाग आहे, तो विसरू नये. शक्य असल्यास एखाद्या वयस्क ढिवराला शिक्षक म्हणून बोलवावे.

आणि त्या मुलाला काय सांगावे? त्याला खरे सांगावे. "बाळ, मोठे झिंगे कोणी चोरून नेले नाहीत. तुझ्या ताटातला भात पिकावा म्हणून मोठ्या माणसांनी पाणी अडवले. झिंग्याची वाट तेथूनच जाते, हे पाहायचे राहून गेले. ते देणे अजून फिटलेले नाही." मुलाला हे कळेल. कदाचित तो आपल्यालाच उलट विचारील, "मग कधी फेडायचे?" त्याला काय उत्तर द्यायचे, ते आपण मोठ्यांनी आजच ठरवून ठेवलेले बरे.