दाराबाहेरचा भक्त



पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर संत चोखामेळा यांची समाधी आहे. चौदाव्या शतकातील चोखोबा महार जातीत जन्मले. म्हणून त्यांना मंदिरात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम करीत असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. ज्या दाराबाहेर ते आयुष्यभर उभे राहिले, त्याच दाराबाहेर त्यांना चिरविश्रांती लाभली.

मग भक्तिमार्गाने समता आणली असे म्हणावे काय? त्याने जे दिले ते थोडे नव्हे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, जनाबाई दासी. ज्यांना शास्त्राने मुके ठेवले होते त्यांना या मार्गाने वाणी दिली. चोखोबांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंग रचले. परंतु गावकूस हलले नाही, पाणवठा वेगळाच राहिला. देवापुढे सारे सारखे, हे मान्य झाले. माणसापुढे मात्र नाही. कर्ममेळ्याने तर आपल्या हीन जन्माबद्दल देवालाच जाब विचारला. त्या घराने हे सारे निमूटपणे स्वीकारले होते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

याचा दोष संतांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. राजसत्ता त्यांच्या हाती नव्हती. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या शरणांनी ब्राह्मण आणि चर्मकार कुळांत विवाह जुळविला, तेव्हा दोन्ही पित्यांना देहान्त शिक्षा झाली, असे लिंगायत परंपरा सांगते. खरा प्रश्न मागाहून आलेल्यांचा आहे. त्यांनी चोखोबांचे अभंग गाइले, समाधीपुढे मस्तक नमविले आणि त्यांच्याच जातबांधवांना दार बंद ठेवले. ते दार १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. मध्ये सहाशे नऊ वर्षे लोटली होती! मृत संताची पूजा करणे सोपे असते. तो आपल्याजवळ जागा मागत नाही.

वाचकहो, हे वाचून आपण निश्चिंत होऊ नये. तमिळनाडूतील वडक्कनकुलम येथील चर्चमध्ये जातीजातींना वेगळे बसविणारी भिंत होती. ती १९१० साली पाडली गेली. बाप्तिस्म्याचे पाणी एक होते, बाके दोन होती. ख्रिस्तात भेद उरत नाही हे पौलाने गलतीकरांस कळविले होते. ते पत्र त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाचले जात होते.

समतेची कसोटी प्रार्थनेत लागत नाही. ती लागते उंबरठ्यावर, पंक्तीत, सोयरिकीत आणि दफनभूमीत. चोखोबांचा गौरव करताना आपण स्वतःस एवढेच विचारावे : आज आपल्या दाराबाहेर कोण उभा आहे, आणि कडी आतून कोणी लावली आहे?